काडीला पालवी फुटली म्हणजे कलम लागलं असं नाही: देशी फुलझाडं घरी वाढवताना या चुका टाळा

मातीत खोचलेल्या काडीला दहा-बारा दिवसांत हिरवी पालवी आली की आपण घरभर सांगत सुटतो, "लागलं!" महिनाभरात तीच काडी काळी पडते. मग ठरलेलं वाक्य येतं: माझा हातच झाडाला लागत नाही.

हाताचा काही दोष नाही. काडीत साठलेल्या अन्नावर चार-सहा पानं आरामात निघतात, त्यासाठी मूळ लागत नाही. पारिजातकाने मला असं तीन पावसाळे फसवलं. पालवी दिसली की मी लगेच कुंडी उन्हात नेऊन ठेवायची. वर पानं पाणी मागताहेत आणि खाली ते ओढून घ्यायला काहीच नाही, मग काडी वाळणारच. चौथ्या वर्षी न राहवून एक काडी उपटून पाहिली. तळाशी पांढरट, खरबरीत गाठ होती. कापलेल्या जागी आधी ही गाठ धरते आणि मग मुळं फुटतात. म्हणजे ती काडी वाटेत होती, मीच तिला उपटली.

आता मी पारदर्शक डिस्पोजेबल ग्लासला खाली भोकं पाडते, त्यात काडी लावते आणि बाहेरून काळा कागद गुंडाळते. आठ दिवसांनी कागद सरकवून बघायचं. ग्लासच्या भिंतीला पांढरं मूळ टेकलेलं दिसेपर्यंत काडीला हात लावायचा नाही. पारिजातक हट्टी आहे, त्याला आयबीए पावडर (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) लावलेली बरी. निर्गुडी आणि अडुळशाला तिची गरजच पडत नाही. नवख्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

दुसरी मोठी चूक वेळेची. सुट्ट्या असतात म्हणून लोक मे महिन्यात कलमं लावायला बसतात. नागपूरच्या नवतपात, पारा 45 च्या वर असताना, रुजलेली झाडंही माना टाकतात, तिथे बिनमुळाच्या काडीने काय करावं? मृग जाऊ द्या. दोन-तीन दमदार पाऊस झाले, हवेत ओल आली की जुलैमध्ये लावा. काडी पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंच लांब, अगदी कोवळी नको आणि राखाडी झालेली जुनीही नको. कळ्या-फुलं असतील तर खुडून टाका, वरची दोन पानं ठेवा. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरपा आणि वरचा सरळ घ्या, म्हणजे दहा काड्या एकत्र झाल्या तरी कोणतं टोक खाली ते कळतं. उलटी लावलेली काडी रुजत नाही, आणि ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.

आता माती. आपली काळी माती कापसाला सोनं आहे, पण कलमाला ती घातक. पाणी धरून ठेवते, काडी खालून कुजते आणि उघडीप पडली की भेगाळते. अर्धी जाड रेती, अर्धं कोकोपीट, बस्स. शेणखत मुळं आल्यावर द्या. कच्चं शेण तर नकोच, उधई यायला वेळ लागत नाही.

आणखी एक खास नागपुरी चूक म्हणजे कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोपांना घालणं. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. जाळीवर पांढरा थर जमतो तो त्याचाच. मोठ्या झाडाला एखादवेळी चालेल, नाजूक मुळांना नाही. वरून पन्नी (प्लास्टिकची पिशवी) झाकून कलम उन्हात ठेवलं तर ते आत शिजतंच. ग्रीन नेट किंवा कडुलिंबाची सावली पुरे.

सगळ्यांना काडीनेच वाढवायचा हट्टही नको. तरवड बियांपासून करा. बी टणक असतं, पाणी आत शिरत नाही. पॉलिश पेपरवर चकाकी जाईपर्यंत घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेल्याच बिया पेरा. पन्नी उंच घ्या, कारण सोटमूळ सरळ खाली जातं आणि दुखावलं तर रोप रुसतं. कुड्याच्या लांब शेंगा जोडीने लटकतात. तडकल्या की बिया रेशमी झुपक्यांवर उडून जातात, म्हणून त्याआधीच शेंगेला मलमलीचा तुकडा बांधा.

घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, ती रानात दिसते म्हणून देशी समजू नका. ती अमेरिका खंडातून आली आणि रान व्यापून बसली. पिवळी कण्हेरही तिकडचीच. जंगलातून रोप उपटून आणणं तर सोडाच: राखीव जंगलात तो गुन्हा आहे आणि तुटलेल्या सोटमुळाचं रोप बहुधा जगतही नाही.

थंडीत वाढ थांबते, तेव्हा पाणी वाढवू नका. पारिजातक उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो, तेव्हाही घाबरू नका. शेजारच्या काकूंनी मार्चमध्ये असाच एक "मेलेला" पारिजातक कचऱ्याच्या गाडीसाठी फाटकाबाहेर ठेवला होता. नखाने साल जरा खरवडली, तर आत हिरवीगार.