ईआरपी बसवण्याआधी ग्राहकाची माणसे कशी तयार करावीत

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, घेण्याचा निर्णय बहुधा मालक आणि त्यांची पुढची पिढी घेते. हिशेब विभागाला तो करार झाल्यावर कळतो आणि स्टोअरला थेट प्रशिक्षणाच्या दिवशी. अशा ठिकाणी काम हाती घेणाऱ्या सल्लागाराने सुरुवातीचे काही आठवडे सॉफ्टवेअर उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विभागाविभागांत वर्षानुवर्षे पडून राहिलेले प्रश्न त्या काळात ग्राहकाच्याच माणसांकडून सोडवून घ्यावेत, कारण एकदा स्क्रीन समोर आली की प्रत्येक जुना वाद ‘सॉफ्टवेअरमध्ये हे होत नाही’ अशी तक्रार होऊन पुढे येतो.

पहिली बैठक मालकांबरोबर घ्यावी आणि तीत एकच गोष्ट लेखी ठरवावी: दोन विभागांचे मत जुळले नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. वडील आणि मुलगा दोघेही कारखान्यात बसत असतील, तर हा प्रश्न अवघड वाटला तरी विचारावाच. ज्याचे नाव ठरेल त्याने आठवड्यातून निदान एक तास या कामासाठी राखून ठेवावा. ‘आमचा आयटीचा मुलगा पाहील’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण त्या मुलाला खरेदीप्रमुखांना नियम घालून देण्याचा अधिकार नसतो.

त्यानंतर मालाबरोबर चालावे. कच्च्या मालाची गाडी गेटवर आल्यापासून तयार माल रवाना होईपर्यंत कोण कोणत्या वहीत काय लिहितो, हे त्या-त्या माणसाशेजारी उभे राहून पाहावे. या फेरीत सर्वाधिक वेळ जॉबवर्कला, म्हणजे आपला माल बाहेरच्या कारखान्यात पाठवून करून घेतलेल्या कामाला, द्यावा. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या इथल्या कारखान्यांचा बराच माल प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट किंवा पावडर कोटिंगसाठी बाहेर जातो, आणि बाहेर नेमके किती नग आहेत याचे स्टोअरचे, हिशेब विभागाचे आणि जॉबवर्करचे आकडे क्वचितच जुळतात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा कच्चा माल १ वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असे मानले जाते. यंत्रांसारख्या भांडवली वस्तूंना ही मुदत ३ वर्षांची आहे, मात्र साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि हत्यारे यांना ती लागू नाही. म्हणून माल बाहेर पाठवताना केलेली आणि अजून उघडी राहिलेली चलाने जॉबवर्करसमोर बसून बंद करून घ्यावीत. किती नग रिजेक्ट झाले, त्याचे पैसे कोणी सोसायचे आणि स्क्रॅप कोणाचे, हे ठरवणे ग्राहकाचे काम आहे. सल्लागाराने त्यात निवाडा देऊ नये.

आयटम मास्टर, म्हणजे सिस्टीममधील सर्व वस्तूंची मूळ यादी, स्वच्छ करण्याचे कामही ग्राहकाकडेच ठेवावे. एकच बोल्ट तीन नावांनी नोंदलेला असतो, पत्रा किलोवर येतो आणि उत्पादन विभागात नगांत मोजला जातो. कोणते नाव राहील आणि कोणते एकक धरायचे हे स्टोअरकीपरला विचारूनच ठरवावे. तयार यादी वरून त्याच्या हातात ठेवली, तर तो ती मुकाट्याने घेईल आणि जुनी वही खणात जपून ठेवील.

हिशेब विभागाची तयारी थोडी वेगळी आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायाच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे आणि ती सोय बंद करता येत नाही. मागच्या तारखेचे व्हाउचर गुपचूप दुरुस्त करण्याची सवय असलेल्या मंडळींना हे आधीच, मालकांच्या आणि सीएंच्या उपस्थितीत, शांतपणे सांगावे. चुकीची दुरुस्ती नव्या नोंदीने कशी करायची हेही त्याच बैठकीत दाखवावे.

सुपरवायझर आणि ऑपरेटर यांना मात्र लांबलचक सादरीकरणाची गरज नसते. त्यांच्या मनात दोनच शंका असतात: काम वाढेल का, आणि हे आपल्यावर नजर ठेवण्यासाठी आहे का. पहिल्या शंकेला प्रामाणिक उत्तर असे, की सुरुवातीला नोंदी दुप्पट होतील, आणि जुनी वही कोणत्या तारखेला बंद होणार ती तारीख तिथेच सांगावी. दुसऱ्या शंकेचे उत्तर मालकांनी स्वतः द्यावे. सूचना मराठीत असाव्यात, हे सांगावे लागू नये. तरीही सांगावे लागते.

सुरुवातीची तारीख ठरवताना ग्राहकाचे वर्ष समजून घ्यावे. १ एप्रिल कागदावर सोयीचा दिसतो, पण मार्चअखेरीला हिशेब विभागाकडून अधिकचे काही होणार नाही. दिंडोरी-निफाडकडील द्राक्षांची पॅकहाउस आणि वायनरी यांच्याकडे तर जानेवारीपासून हंगाम संपेपर्यंत विषयही काढू नये. साठा मोजायला दिवाळीची सुट्टी बरी, कारण तेव्हा माल हलत नाही. त्या मोजणीच्या तक्त्यावर स्टोअरप्रमुख आणि हिशेबनीस या दोघांच्याही सह्या घेतल्याशिवाय सुरुवातीची शिल्लक सिस्टीममध्ये भरू नये.