पॅरासेल्सस वाचायचाय? मग सोन्यापासून सुरुवात करू नका

पॅरासेल्सस म्हणजे सोळाव्या शतकातला युरोपातला डॉक्टर आणि किमयागार. त्याला सर्च केलं की आधी काय येतं, तर तलवारीच्या मुठीत लपवलेलं जादूचं औषध, बाटलीत वाढवलेला माणूस आणि सोनं बनवायचे किस्से. ते सगळं सध्या बाजूला ठेवा. हा माणूस समजून घ्यायचा असेल तर आधी खाणीत उतरायचं.

खरं नाव थिओफ्रास्टस फॉन होहेनहाइम, जन्म साधारण १४९३ चा, स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्नचा. वडील डॉक्टर, ते १५०२ ला आताच्या ऑस्ट्रियातल्या फिलाखला गेले, त्या भागात खाणकाम जोरात, त्यामुळे धातू कसा वितळतो, धूर कुठे जातो हे पोराला लहानपणापासून दिसत होतं. पुढे त्याने खाणकामगारांच्या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलं, खाणीतली आणि भट्टीवरची वाफ छातीत जाऊन फुप्फुस कसं बिघडतं, पाऱ्याचं काम करणाऱ्यांना वेगळा त्रास कसा होतो. छापलं गेलं १५६७ मध्ये, म्हणजे तो वारल्यावर २६ वर्षांनी. पहिलं हेच वाचा, इंग्रजी भाषांतर मिळतं.

मग त्याची केमिस्ट्री. गंधक, पारा आणि मीठ या ३ गोष्टींनी सगळं बनलंय असं तो म्हणतो आणि इथेच बरेच जण पुस्तक मिटतात. थांबा जरा. लाकडाची काडी पेटलेली डोळ्यासमोर आणा: जळतं ते गंधक, धूर होऊन उडतं ते पारा, राख राहते ते मीठ. दुकानातलं मीठ त्यात शोधायचं नाही, हे गुणधर्म आहेत. अल्केमीचं, म्हणजे किमयेचं, काम सोनं करणं नाही, औषध तयार करणं, हे तो स्वतःच सांगतो. (आपल्याकडे रसशास्त्रातही पारा आहे म्हणून लगेच ‘त्याने आपल्याकडूनच उचललं’ असं फॉरवर्ड करू नका, नुसत्या साम्याने काही सिद्ध होत नाही.)

यानंतर बाझेल हे स्विस शहर, कारण खरी मजा इथे आहे. १५२७ मध्ये तो तिथला शहर-डॉक्टर झाला, प्रिंटर फ्रोबेनच्या पायावर उपचार केले, त्या काळच्या नावाजलेल्या विद्वान इरॅस्मसने सल्ला मागितला, म्हणजे वट होती. पण साहेबांनी लेक्चर लॅटिन सोडून जर्मनमध्ये द्यायला घेतलं आणि जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला पेटवतात त्या होळीत वैद्यकाचा मान्यवर ग्रंथच टाकला, तो बहुतेक इब्न सीना या जुन्या पर्शियन वैद्याचा असं मानतात. पुढच्याच वर्षी एका बड्या पाद्र्याशी फीवरून भांडण, कोर्टाचा निकाल विरोधात, त्यावर याने मॅजिस्ट्रेटलाच शिव्या घातल्या आणि गाव सोडून पळावं लागलं. मला विचाराल तर अर्धी दुश्मनी त्याने तोंडानेच ओढवून घेतली. तो दारूडा होता वगैरे जे वाचाल त्यातलं बरंचसं त्याच्या जुन्या असिस्टंटच्या, ओपोरिनसच्या पत्रातून येतं, तेव्हा जपून घ्या.

आता ते फेमस वाक्य, मात्राच ठरवते विष आहे की नाही. टॉक्सिकॉलॉजीवाले, म्हणजे विषांचा अभ्यास करणारे, ते भिंतीवर लावतात, पण मूळ जागा बघा. १५३८ मधलं ते बचावाचं लिखाण आहे, लोक म्हणत होते हा पेशंटला विष देतो, त्यावर त्याचं उत्तर असं की विष नसलेली वस्तू दाखवा तरी. हा संदर्भ काढला की वाक्य गुळगुळीत होऊन जातं.

जखमांवर वाचायचं तर १५३६ चं मोठं पुस्तक घ्या, जिवंतपणी छापलेलं असल्याने जास्त भरवशाचं. जखमेत काहीबाही कोंबू नका, स्वच्छ ठेवा, शरीर स्वतः भरून काढतं, हा त्याचा सूर. १५४१ ला तो साल्झबुर्गमध्ये वारला आणि नंतर त्याच्या नावावर इतकं काय काय छापलं गेलं की कुठलंही वाक्य शेअर करायच्या आधी मूळ पुस्तक कधी छापलं ते बघायचंच. बाटलीतला माणूस ज्या पुस्तकात आहे ते खरंच त्याचं का, यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी वाचा, किंवा नाही वाचलं तरी चालेल.