रतनवाडी ते पाचनई: तंबू न वाहता चार दिवसांची रानवाट

नाशिकहून घोटी, बारी, शेंडीमार्गे अडीच-तीन तासांत रतनवाडी येते. तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगडापर्यंतची चाल पुष्कळ जण दोन दिवसांत उरकतात. आमच्या मते तिला चार दिवस आणि तीन मुक्काम द्यावेत: रतनवाडी, कुमशेत, पाचनई. तिन्ही गावांत घरगुती सोय होते. गादी, पांघरूण आणि गरम भाकरी मिळणार असल्याने तंबू, स्टोव्ह, शिधा घरीच राहतो आणि सॅक सात किलोंत बसते.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खिंडीत धुकं दाटतं, ओढे अडवतात. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात, तेव्हा माणशी चार लिटर पाणी उचलावं लागतं. एरवी तीन पुरतं.

घर ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: गाद्या किती, संडास आहे का, रात्री वीज जाते का. माणसांचा आकडा दोन दिवस आधी कळवा, कारण किराणा राजूरहून आणावा लागतो. थंडीत स्वतःची एक जाड चादर आणि कानटोपी हवीच.

पहिल्या दिवशी सामान घरी ठेवून फक्त पाणी-खाऊ घ्या आणि रतनगड करा. चढायला तीन तास. वर लोखंडी शिड्या आहेत, तिथे एका वेळी एकानेच चढावं. नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, वारा जोराचा असतो, टोपी बांधून ठेवा. उतरल्यावर अमृतेश्वराचं मंदिर निवांत पाहा.

दुसरा दिवस खरा कसाचा. सकाळी साडेसहाला निघा. कुमशेतला पोहोचायला सहा-सात तास लागतात. लोक चुकतात ते इथेच. कारवीच्या दाट झुडपांत शिरणाऱ्या ढोरवाटा मूळ वाटेपेक्षा रुंद आणि मळलेल्या दिसतात, अर्धा तास चालवतात आणि झाडीत विरून जातात. मोबाईलच्या नकाशावरची वाटेची रेघ हा फरक दाखवत नाही. म्हणून वाटाड्या गावातलाच घ्या, आठ जणांमागे एक. तो कुमशेतपर्यंत येणार की पाचनईपर्यंत, परतीचं भाडं कोणाचं, हे आदल्या रात्रीच बोलून घ्या आणि पैसे त्याच्याच हातात द्या. वाट चुकल्याची शंका आली तर खाली उतरून शोधू नका. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. कड्याखाली धूर करू नका, अत्तर लावू नका. आग्या मोहोळ उठलं तर पळायलाही जागा नसते.

खिंडीनंतरच्या उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, आहे. नखं आधी कापा, बुटाची नाडी घोट्याशी घट्ट करा, नाहीतर अंगठे पुढे आपटून काळे पडतात. नवे बूट इथे पहिल्यांदा घालू नयेत.

तिसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई, चार तास. दुपारनंतर पाय सोडून ओसरीवर बसा. त्याच संध्याकाळी गड चढायचा मोह टाळा, अंधारात कातळावरून उतरावं लागतं.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला बॅटरी घेऊन निघा. दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, पुढे केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा. कड्याच्या काठाशी पालथं झोपूनच खाली डोकवा. बाराच्या आत पाचनईला जेवायला या. गाडी शेंडीला ठेवली असेल तर दीडची जीप आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी पाचनईत वाहन मिळेलच असं नाही.