पिवळ्या पट्ट्यांवर विसंबू नका : पहिल्या जहाजावर निघालेल्यांसाठी

लोणी काळभोर नाहीतर तळेगावजवळच्या इंदुरीहून मर्चंट नेव्हीचं शिकून निघालेली मुलं पुण्यात भेटायला येतात, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, कंपनी कुठली, पहिलं जहाज टँकर बरं की सुटा माल नेणारं बल्कर? इंडोस, सीडीसी ही कागदपत्रं आणि एसटीसीडब्ल्यूचे सक्तीचे कोर्स तुम्हाला ठाऊक आहेत, त्यावर बोलत नाही. डेकवर धड कसं राहायचं हे कुणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

वादळात डेकवर येणारं पाणी, उघडं मॅनहोल, पायलट लॅडर ही दोराची शिडी यांची भीती नव्या माणसाला आपसूक वाटते आणि तो जपून वागतो. मूरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या दोराचं तसं नाही. बंदर समोर असतं, फोनला रेंज आलेली असते, सगळ्यांना घाई असते. अपघात नेमका तिथे होतो.

ताणलेल्या दोरात प्रचंड ऊर्जा साठलेली असते. तो तुटला की टोकं जीव घेण्याच्या वेगाने मागे येतात. नायलॉन जास्त ताणतो, म्हणून जास्त उसळतो. ‘आवाज आला की बाजूला होऊ’ असं मनात असेल तर आत्ताच काढून टाका, तेवढा वेळ मिळत नाही. हेल्मेट घालाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच जहाजांवर डेकवर पिवळ्या पट्ट्या मारून ‘स्नॅप-बॅक झोन’, म्हणजे तुटलेला दोर उसळून येण्याची जागा, आखलेला असतो. शिकताना आपल्या डोक्यात बसतं की पट्ट्यांच्या आत धोका, बाहेर निर्धास्त. हे साफ चुकीचं आहे. पट्टी जागची हलत नाही, दोराची वाट मात्र प्रत्येक बंदरात बदलते. दोर सरळ असेल तर तो साधारण त्याच रेषेत मागे येतो. रोलरवरून वळवलेला असेल तर टोक त्या वळणाभोवती फिरून कितीतरी मोठी जागा झोडपतं.

माझ्या कॅडेटशिपमध्ये एका बंदरात स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटांचा हेलकावा, जोरात होता. जहाजाच्या पुढच्या टोकाला, फॉरवर्ड स्टेशनला, स्प्रिंग (जहाज पुढे-मागे सरकू नये म्हणून बांधायचा दोर) रोलरवरून वळवून विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर घेतली होती. आमची नेहमीची उभं राहायची जागा पट्ट्यांच्या बाहेर होती. तिथे ग्रीसची बादली होती आणि आम्ही नेमके दोर तात्पुरता धरून ठेवायचा स्टॉपर आणायला गेलो होतो. स्प्रिंग तुटली, टोक रोलरला वळसा घालून आलं आणि बादली रेलिंगपार गेली. डेकवर तिची कडी तेवढी उरली, सरळ झालेली.

नवा, भारी दोर आहे म्हणूनही निवांत होऊ नका. २ मार्च २०१५ रोजी वेल्समधल्या साउथ हूक टर्मिनलला ‘झार्गा’ या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) नेणाऱ्या जहाजाचा एचएमपीई या कृत्रिम धाग्याचा दोर तुटला आणि फॉरवर्ड स्टेशन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. हा दोर फारसा ताणत नाही, म्हणून उसळणारही नाही, असा समज होता. पण त्याच्या टोकाला जोडलेला छोटा दोर, म्हणजे टेल, लवचिक होता, ताण त्यात साठला. ब्रिटनचं सागरी प्रशासन आता पट्ट्या रंगवूच नका म्हणतं. अख्खा मूरिंग डेकच धोक्याचा धरायचा.

एवढं वाचून घाबरू नका. यातलं बरंचसं नजरेच्या सवयीने जमतं. बंदर यायच्या आदल्या दिवशी रिकाम्या डेकवर बोसनबरोबर, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाबरोबर फिरा. कुठला दोर कुठून जाणार, कुठे वळणार, तुटला तर कुठवर येणार आणि आपण कुठे उभं राहायचं, हे विचारून घ्या. माझं ठाम मत आहे की पहिल्या जहाजावर बोसनएवढा गुरू नाही. काम चालू असताना त्याच्या पायांकडे बघा, तो कधीच बाइटमध्ये, म्हणजे दोराच्या वेढ्यात, पाय ठेवत नाही. मला सुरुवातीला वॉकीटॉकीवरचं इंग्रजीही कळेना आणि खलाशांच्या बोलीतलं हबेस-आरियाही (ओढा, सोडा). विचारायची लाज किती वाटते ते मी अजून विसरलेलो नाही. तरी विचारा.

शॉर्टकट शिकवणाऱ्या सीनियरपासून मात्र लांब राहा. विसर्जन मिरवणुकीत आपण कार्यकर्त्यांचा दोर सहज ओलांडतो, त्याला रेलून उभे राहतो. तो पाय जहाजावरही आपोआप उचलला जातो. ताणातला दोर ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचं, कुणी कितीही ओरडलं तरी.

दोर झिजलाय, धागे वितळून चिकटलेत असं दिसलं तर लगेच सांगा. १ जानेवारी २०२४ पासून सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार मूरिंगच्या दोरांची तपासणी आणि देखभाल जुन्या जहाजांनाही बंधनकारक आहे, त्यामुळे ‘तुला काय कळतं’ म्हणून कुणी गप्प बसवू शकत नाही. विश्रांतीचंही तसंच. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास मिळायलाच हवेत, आणि कागदावर खोटे तास भरू नका. रात्री दोनला मूरिंगच्या कामाला बोलावलं आणि डोळे मिटत असतील तर बोसनला स्पष्ट सांगा. तो विंचपासून लांबचं काम देईल. नाही दिलं तर चीफ ऑफिसरकडे जा.