ऑर्किड फुलत नाही? खत वाढवण्याआधी या चुका टाळा

पानं हिरवीगार, तुकतुकीत, आणि फुलाचा मात्र पत्ता नाही. अशा वेळी हात आधी खताच्या डब्याकडे जातो. घरात सर्रास दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या बाबतीत नेमकं इथेच बिघडतं. खताने कळी निघत नाही. खताचं काम झाड सुदृढ ठेवण्याचं. कळी धरते ती उजेडाने आणि थंड रात्रींनी.

पानांचा रंग गडद हिरवा असेल तर उजेड कमी पडतोय. कुंडी खिडकीजवळ न्या, पण दुपारचं थेट ऊन टाळा. पोपटीकडे झुकणारा हिरवा रंग योग्य, पानाची कड लालसर दिसू लागली की थोडं मागे घ्या. रात्रीचं तापमान चार-सहा आठवडे १६ ते १९ अंशांच्या आसपास राहिलं की फुलदांडा डोकावतो. त्याचं टोक चपटं, हातमोज्यासारखं दिसतं. मुळाचं टोक गोल आणि चकचकीत. न पाहता छाटलेलं 'मूळ' पुष्कळदा दांडाच निघतो!

आता खत. २०-२०-२० सारखं (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्याच प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं खत चालतं. पाकिटावर लिटरला २ ग्रॅम लिहिलं असेल तर अर्धा ग्रॅमच घ्या आणि वाढीच्या काळात आठ-पंधरा दिवसांनी द्या. कोरड्या मुळांवर खत कधीच ओतू नका, आधी साधं पाणी. मुळांवरचा स्पंजासारखा पांढरा थर समोर येईल ते शोषून घेतो. तीव्र द्रावणाने मुळांची टोकं काळी पडतात. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसली तर क्षार साचलेत असं समजा. महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी वरून ओतून खाली वाहू द्या. 'फुलं आणणारी' जादा फॉस्फरसची खतं घेण्याची गरज नाही.

पाणी वाराप्रमाणे नाही, मुळं पाहून. रुपेरी झाली की द्यायचं, हिरवी असताना थांबायचं. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर ते टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो. कुंडीत साधी माती नको. झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा हवा. दीड-दोन वर्षांत साल कुजून भुगा होते, तेव्हा ती बदला, मात्र दांडा वर येत असताना नको.

फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा. तिथून पुन्हा फांदी फुटू शकते. वाळला असेल तर बुडापासून काढा. डेंड्रोबियम या दुसऱ्या प्रकारच्या ऑर्किडच्या पानं झडलेल्या जुन्या कांड्या मात्र राहू द्या. त्यांत अन्न साठलेलं असतं, आणि कधीकधी फुलंही त्यांच्यावरच येतात.