गोव्यातील घरात लवचीक पाइप बसवताना

कोल्हापूर सोडून फोंड्याला स्थायिक झाल्याला मला आता बावीस वर्षे झाली. आपल्याकडून नव्याने येणारी मंडळी घर ठरले की शाळेची, गॅसची आणि बसची चौकशी करतात. नळकामाचा विषय निघतो तो भिंतीला पहिली ओल आल्यावर. म्हणून जुने घर विकत घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावू नये, एवढेच सांगतो.

इथल्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतात आणि त्यांतले लोखंडी पाइप आतून गंजून बोटभर भोकाचे झालेले असतात. ते बदलताना प्लंबर बहुधा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा कडक प्लास्टिकचा पाइप, सुचवतो. तो पाइप वाईट नाही, पण तो सरळ नळ्यांच्या रूपात येतो आणि प्रत्येक वळणावर एल्बो लागतो. याउलट, मधोमध ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेला पॉलिथिलीनचा कॉम्पोझिट पाइप वेटोळ्यात मिळतो, हाताने वाकवता येतो आणि वाकवला की तसाच राहतो. टाकीच्या चावीपासून न्हाणीघरापर्यंत तो एकसंध नेता येतो, आणि माझ्या मते त्याचा खरा फायदा हाच आहे, कारण गळतो तो सहसा पाइप नव्हे, तर जोड.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी वेटोळ्याचा तुकडा हातभर कमी पडला, तेव्हा भिंतीतच एक कपलिंग घालून वर गिलावा करण्यास मी होकार दिला. दोन पावसाळ्यांनंतर शेजारच्या खोलीत, जोडापासून चांगल्या सहा फुटांवर, डाग उमटला. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी मुकाट्याने पिऊन घेतो आणि ते भलत्याच ठिकाणी बाहेर टाकतो. जोड सापडेपर्यंत तीन ठिकाणी भिंत फोडावी लागली. तेव्हापासून माझा नियम असा की भिंतीत फक्त अखंड पाइप जावा आणि प्रत्येक जोड हात पोहोचेल अशा जागी असावा.

जोड बसवताना प्लंबरच्या शेजारी उभे राहावे, त्याला थोडा राग आला तरी चालेल. पाइप करवतीने न कापता कटरने काटकोनात कापला पाहिजे. त्यानंतर रीमर फिरवून तोंड गोल आणि आतली कड किंचित उतरती करावी लागते. ही पायरी गाळली की धारदार कडेने फिटिंगवरची रबरी ओ-रिंग कापली जाते, आणि ते त्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी नट, मग फट असलेली पितळी कडी पाइपवर चढवायची, नंतर फिटिंगचे टोक पूर्ण आत सारायचे आणि मगच नट आवळायचा. पाइप एका कंपनीचा आणि फिटिंग दुसऱ्या कंपनीचे, असा मेळ घालू नये.

या पाइपांवर १२१६, १६२० असे आकडे असतात. पहिले दोन आतला व्यास आणि पुढचे दोन बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. फिटिंगचे टोक पाइपच्या आत जात असल्यामुळे वाट आणखी अरुंद होते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलोच (दर चौरस सेंटीमीटरला) दाब देते, म्हणजे एकमजली घरात तो अर्धा किलोही मिळत नाही. म्हणून मुख्य फाट्याला १६२० किंवा त्याहून मोठा पाइप घ्यावा, नाहीतर शॉवरचे नुसते शिंतोडे उडतात. या पाइपांचे भारतीय मानक आयएस १५४५० आहे. पाइपावर तो छाप आहे की नाही, ते दुकानातच पाहावे.

ॲल्युमिनियम नसलेला साधा पेक्स, म्हणजे प्रक्रिया करून मजबूत केलेल्या पॉलिथिलीनचा, पाइपही मिळतो. तो उष्णतेने फार वाढतो: दहा मीटर लांबीत तापमान चाळीस अंशांनी चढले तर वाढ पाच सेंटीमीटरांहून अधिक होते. गरम पाण्याच्या ओळीत तो ताणून बसवू नये. गीझरला कोणताही प्लास्टिक पाइप थेट न जोडता मध्ये दीडेक फूट धातूची नळी ठेवावी. उन्हापासूनही हे दोन्ही पाइप जपावे लागतात, कारण अतिनील किरणांनी पॉलिथिलीन ठिसूळ होते. गच्चीवरचा भाग झाकलाच पाहिजे, आणि उरलेले वेटोळे अंगणात पडू देऊ नये.

गिलाव्याआधी सगळ्या टोकांना बूच लावून हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा आणि काटा उतरतो का ते पाहावे. त्याच वेळी भिंतीवर मोजपट्टी धरून पाइपच्या मार्गाचे फोटो काढून ठेवावेत. दुसऱ्या दुरुस्तीचे फोटो मी जपून ठेवले आहेत. न्हाणीघरात आरसा टांगायला आलेल्या सुताराने ड्रिल लावण्याआधी ते त्याला दाखवले, तेव्हा त्याने खिळ्याची जागा चार बोटे डावीकडे सरकवली.