बीसीजीचा फोड: कधी थांबायचे, कधी डॉक्टरांकडे जायचे

इतर बऱ्याच लसींचा त्रास त्याच रात्री कळतो. बाळ किरकिरते, अंग तापते, दोन दिवसांत सगळे निवळते. क्षयरोगाच्या लसीचे, म्हणजे बीसीजीचे, उलटे आहे. टोचल्यावर विशेष काहीच होत नाही आणि घरचे ती लस विसरून गेले की दंडावर पुळी उठते. मग ‘काहीतरी चावलं असेल’पासून ‘सुईच खराब होती’पर्यंत तर्क सुरू होतात.

१. आधी तारीख लिहा

लस कोणत्या दिवशी आणि कोणत्या दंडावर (बहुधा डाव्या) टोचली, एवढेच लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. टोचताना कातडीवर आलेला फुगवटा अर्ध्या तासात बसतो. साधारण २ ते ४ आठवड्यांनी तिथे लाल, टणक पुळी येते. ती वाढते, मऊ पडते, फुटते, थोडा पू येतो, खपली धरते. खपली पडून पुन्हा धरली तरी घाबरू नका. ६ ते १२ आठवड्यांत जागा सुकते आणि ४ ते ८ मिलिमीटरचा गोल व्रण उरतो.

पू दिसला म्हणजे सुईतून घाण गेली, असे नव्हे. या लसीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. कॅलमेट आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे तो जंतू पुन्हा पुन्हा वाढवून त्याची धार बोथट केली. त्या जंतूंशी शरीराची जी झटापट होते, तीच दंडावर दिसते.

२. फोडाला त्याच्या वाटेने जाऊ द्या

पिळू नका. मलम, पावडर, जंतुनाशक, घरगुती लेप, शेक, यातले काहीही नको. आंघोळ नेहमीसारखी घाला आणि जागा न चोळता टिपून घ्या. पाणी झिरपत असेल तर स्वच्छ कोरडे गॉज सैलसर ठेवा. हवाबंद चिकटपट्टी लावू नका. झबल्याची बाही खपलीला चिकटली तर ओढू नका. कोमट पाण्याने भिजवून दोन मिनिटे थांबा, आपोआप सुटते. त्या दंडावर पुढचे तीन महिने दुसरी लस टोचायची नसते. हे नर्सला आपणच आठवण करून दिलेले बरे.

३. काख चाचपून पाहा

हे सहसा कोणी सांगत नाही. आंघोळीच्या वेळी बाळाचा तो हात वर करून काखेत, मग हसळीच्या हाडाच्या वर आणि मानेला बोटे हलकेच फिरवा. लहान, सरकणारी, न दुखणारी गाठ लागली तर ते लसीचे अवधाण असते. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत आपसूक जिरते, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. गाठ वाढत चालली, वरची कातडी लाल आणि पातळ झाली, दाबल्यावर आत पाणी असल्यासारखे वाटले, तर लगेच जा. डॉक्टर बहुधा सुईने पू काढून घेतात. चिरा दिला तर जखम बरेच दिवस वाहत राहू शकते. अशा गाठीसाठी क्षयाची औषधे सहसा लागत नाहीत, तेव्हा ‘काहीतरी गोळी द्याच’ असा हट्ट धरू नये.

४. इथे वाट पाहू नका

जखम सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, तीन महिन्यांनंतरही वाहते आहे, किंवा दंडात मोठे गळू झाले, तर दाखवा. लस दिल्यावर पहिल्या काही दिवसांतच मोठी प्रतिक्रिया उठली तर जरूर दाखवा. बाळाच्या शरीरात क्षयाचे जंतू आधीच पोहोचलेले असू शकतात. घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का, हेही सांगा.

ताप बीसीजीच्या खाती टाकू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. वजन वाढत नसेल, वारंवार मोठे आजार होत असतील, किंवा काही महिन्यांनी मूल एखादा हात-पाय हलवायचे टाळू लागले, तर लसीची तारीख डॉक्टरांना सांगा. लसीचे जंतू हाडात किंवा अंगभर पसरणे फार दुर्मीळ आहे. अंगभर पसरण्याचा धोका मुख्यतः जन्मतः प्रतिकारशक्ती कमकुवत असलेल्या मुलांना असतो. म्हणून कुटुंबात असा आजार असेल, किंवा आईने गरोदरपणी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतली असतील, तर ते लस टोचण्याआधीच सांगा.

५. व्रण उठलाच नाही तर?

काही मुलांना उठत नाही. त्यावरून लस वाया गेली असे ठरत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी पुन्हा टोचू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे.